साडेचार मीटरचा उतार

२ मार्च, सोमवार
दुपारचे अडीच, कारखान्यात

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. तुझ्या वहिनीचा रक्तदाब ताब्यात आहे, मुलीला नोकरीत कायम केलं. तुम्हीही सगळे बरे असाल असं धरून चालतो. अक्षर ओळखून पाकीट न फोडताच टाकून दिलं नसशील तर पुढे वाच. अकरा वर्षांनी दादाचं पत्र आलं म्हणजे काहीतरी मागणं असणार, असं तुला वाटेल. पैसे नकोत. जागा नको. कुणाच्या लग्नाचं आमंत्रणही नाही.

आधी यादी देतो. कुठल्याही कॉलेजची पायरी न चढता या दोन हातांनी केलेल्या वस्तू: छप्पर उचललं की आतले एकशे साठ पलंग दिसतात असं हॉस्पिटलचं मॉडेल. दरवाजे खरोखर उघडणारं धरण. पाणी सोडल्यावर ते गळत नाही, हे मंत्र्यांनी स्वतः बोट घालून पाहिलं होतं. सायकलचे आरे घासून केलेला कंपास, जो तुझ्या पेटीतल्या कंपासापेक्षा आजही बरा चालतो. तांब्याच्या तारेची दोन हजार एकशे चौदा झाडं. साडेआठ मिलिमीटर उंचीची तीनशे चाळीस माणसं, प्रत्येकाची मान वेगळ्या दिशेला. तुझ्या घरातला जिना. तो मुद्दाम लिहिला. तू तिथे थांबला असशील हे मला ठाऊक आहे, पण त्याबद्दल आज नाही.

सगळ्यांत मोठं काम मात्र गेल्या वर्षीचं. मेट्रोच्या कचेरीसाठी मी इथल्या व्यापारी भागाचं मॉडेल केलं. बँका, विमा कचेऱ्या, न्यायालय, पोस्ट, सगळा गजबजाट एका टेबलावर. एकास दोनशे, म्हणजे रस्त्यावरचा एक मीटर माझ्याकडे पाच मिलिमीटर. जमिनीचा चढउतार तीन मिलिमीटरच्या प्लायचे थर एकावर एक चिकटवून केला. भुयारी स्टेशन कुठे घ्यायचं हे ठरलेलंच होतं. वाद होता लिफ्टचा. चाकाच्या खुर्चीतली माणसं, काठीवाले म्हातारे, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, यांनी खालून जमिनीवर यायचं कुठे?

दोन जागा होत्या. एक पोस्टासमोर. सपाट, पण खाली जाडजूड केबली, त्या हलवायला आठ महिने. दुसरी बावीस मजली काचेच्या इमारतीच्या कोपऱ्यावर, जिला इथे सगळे मनोरा म्हणतात. मनोऱ्याच्या मालकांना लिफ्ट आपल्या दारात हवी होती, हे सांगायला नको.

लोकांना बोलावून सभा घेतली. नकाशे भिंतीवर लावले होते, पण तिकडे कुणी फिरकलं नाही. सगळे माझ्या टेबलाभोवती. विमा कचेरीत काम करणाऱ्या एक बाई आल्या होत्या, चाळिशीच्या, चाकाच्या खुर्चीतून. कामावर यायला-जायला भाड्याची गाडी करावी लागते आणि त्यात तिसरा हिस्सा पगार जातो, असं त्यांनी सभेत हसत हसत सांगितलं. मग खुर्ची टेबलाला लावून त्यांनी मनोऱ्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि फुटपाथवरून ते सावकाश विमा कचेरीच्या दारापर्यंत नेलं.

“इथून मी एकटी जाईन,” त्या म्हणाल्या. “हे केलं कुणी?”

“मी.”

“मिस्त्री, या गर्दीत खुर्चीतलं माणूस एकच ठेवलंत?”

“दुसरं करतो, बाई. चाकं तीन मिलिमीटरची असतात, वेळ लागतो.”

“करा. एकटीला कंटाळा येतो.”

सगळे हसले, आणि जागा ठरली. मनोऱ्याचा कोपरा. तीस तारखेला खोदाई सुरू.

आता कामाचं. माझ्या ओळखीतला एक मॉडेलवाला आहे, त्याला एक शंका आहे. फुटपाथला अठ्ठेचाळीस सेंटिमीटरचा चढ असेल, तर चाकाच्या खुर्चीतलं माणूस कुणाच्या मदतीशिवाय चढेल-उतरेल का? तुम्हा शिकलेल्या इंजिनियरांच्या पुस्तकात याचं उत्तर असणार. एका ओळीत कळवलंस तरी चालेल.

हल्ली मला जरा भीती वाटते. दाराची कडी वाजली की हातातली पट्टी पडते. वय झालं म्हणायचं.

पत्राचं उत्तर पत्रानेच दे. फोनवर तुझा आवाज ऐकला तर मी आडवातिडवा बोलेन.

तुझा,
दादा


१३ मार्च, शुक्रवार
सकाळचे अकरा

चि. धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. वर आशीर्वाद नाही, खाली सही नाही, मध्ये दोन शब्द. “किती अंतरात?”

कार्ड वाचून मी आधी चिडलो. मग माझंच पहिलं पत्र आठवून पाहिलं. झाडांची संख्या चौदापर्यंत लिहिणारा माणूस उताराची लांबी लिहायला विसरतो, हे तू बरोबर पकडलंस. विसरलो नव्हतो.

साडेचार मीटरमध्ये.

म्हणजे जेमतेम साडेनऊ मीटर अंतराला एक मीटर चढ. बाराला एकपेक्षा जास्त चढ नको, हे मला तुझ्या पुस्तकाशिवाय माहीत होतं. ओळखीतला मॉडेलवाला वगैरे कुणी नाही, हेही तुला पहिल्याच पत्रात कळलं असणार.

झालं ते सांगतो. कचेरीच्या नकाशात दर वीस मीटरवर उंचीचा एक आकडा असतो, मधलं काही नसतं. मला तेवढ्याने चालत नाही. मी दोन महिने रोज पहाटे पातळी बघायची पाण्याची नळी आणि पट्टी घेऊन प्रत्येक फुटपाथ मोजला. मनोऱ्याच्या कोपऱ्यावर फुटपाथ एकदम उठतो, कारण त्याच्याखाली त्या इमारतीच्या गाड्या ठेवायच्या तळघराचं छत आहे. तोडून सपाट करता येत नाही. वर भरावही घालता येत नाही, दुकानांची दारं आहेत. वहीत लिहिलं: अठ्ठेचाळीस, साडेचारमध्ये. पान एकशे सात.

मॉडेलवर त्या जागी प्लायच्या थराची कड दिसत होती. आखूड, तिरकी, ओठ फुटल्यासारखी. बाकीचं टेबल लोण्यासारखं आणि नेमकं त्या कोपऱ्यात ते. मॉडेलच्या उद्घाटनाला दोन दिवस होते. मी पुट्टी घेतली, अंगठ्याने ओढली, पॉलिशपेपर मारला. साडेचार मीटरचा उतार चौदा मीटरवर पसरला. इतका सुंदर बसला की मी तुझ्या वहिनीला बोलावून दाखवला. ती म्हणाली, “छान आहे, पण रस्ता असा आहे का?” मी म्हणालो, “तुला त्यातलं काय कळतं?”

मॉडेल फक्त बघायला आहे, ठरवतील नकाशावरून, असं मी धरून चाललो. आणि सभेत त्या बाईंचं बोट त्याच पुट्टीवरून गेलं. मी समोर उभा होतो. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. पण टेबलाभोवती साठ माणसं माझं कौतुक करत होती, धाकट्या. त्यात तुझ्यासारखे डिग्रीवाले निदान वीस. मी गप्प बसलो. याला चार महिने झाले.

हे सगळं तुला आज लिहितोय ते तुझ्या दोन शब्दांमुळे नाही. परवा, बुधवारी जे झालं त्यामुळे.

कचेरीला पुस्तिकेसाठी फोटो हवे होते. विमा कचेरीतल्या बाई, ‘पहिल्या प्रवासी’ म्हणून, प्रत्यक्ष जागेवर. मलाही बोलावलं. दुपारी साडेबाराची वेळ, जेवायला सुटलेल्या माणसांचा लोंढा. जिथे लिफ्टचं दार येणार तिथे पिवळा चौकोन रंगवला आहे. बाई त्यात खुर्ची घेऊन थांबल्या. नवी खुर्ची होती, त्या खुशीत होत्या. फोटोवाला म्हणाला, आता कोपऱ्याकडे या.

मी खुर्चीच्या मुठी धरल्या. “बाई, मी आहे मागे.”

“मिस्त्री, मागे माणूस लागणार असेल तर एवढी लिफ्ट कशाला खणताय? मला काय, तुम्हीच पाठीवर घ्या.”

फोटोवाला ओरडला, “काका, हात काढा, फ्रेममध्ये येतायत!”

मी हात काढले.

मला माहीत होतं. जगात मला एकट्याला माहीत होतं की पुढे काय आहे, आणि मी हात काढले.

पहिले दोन मीटर त्या सरळ गेल्या. मग उतार लागला आणि चाकं त्यांच्या हाताबाहेर गेली. त्यांनी तळवे दाबून धरले, रबराचा वास आला, खुर्ची फिरली आणि तिरकी होऊन रस्त्याच्या बाजूला सुटली. पुढची दोन लहान चाकं फुटपाथवरून खाली पडली. बस येत होती. ड्रायव्हरने असा ब्रेक मारला की आतली माणसं एकमेकांवर कोसळली. मी धावलो, पण पोचलो तेव्हा सगळं थांबलेलं होतं. बसचा बंपर आणि बाईंचा गुडघा यांत सत्तर सेंटिमीटर. तशातही माझ्या डोक्याने मोजलं, बघ. त्या घटकेपासून मला स्वतःच्या डोक्याची भीती वाटते.

ड्रायव्हर खाली उतरून शिव्या देत होता. बाईंचे तळवे सोलून निघाले होते, आणि त्या त्याचीच समजूत काढत होत्या. “चूक माझी हो. नवीन खुर्ची, अंदाज आला नाही.” मग माझ्याकडे वळून, “मिस्त्री, तुम्ही का पांढरे पडलात? पडत होते मी.”

मी म्हणालो, “पाणी आणतो.”

एवढंच म्हणालो. पाणी आणलं, त्यांच्या हातावर ओतलं, आणि घरी आलो.

बुधवारपासून मी कारखान्याचं दार आतून लावून घेतो. सतरा दिवसांनी तिथे खड्डा पडेल. दोन वर्षांनी लिफ्टचं दार उघडेल आणि दिवसाला कितीतरी माणसं त्या पिवळ्या चौकोनातून बाहेर पडतील, मॉडेल बघून सपाट समजलेल्या रस्त्यावर. प्रत्येक वेळी बस थांबेलच असं नाही. आणि माझ्या वहीच्या पान एकशे सातशिवाय जगात कुठेही हे लिहिलेलं नाही. मी उद्या छातीत कळ येऊन पडलो तर ती वही रद्दीत जाईल. जिवंत राहिलो तर मी गप्प बसेन, हे त्याहून वाईट. मला दोन्हींची भीती वाटते.

आता जिन्याचं. सातवी पायरी दीड सेंटिमीटरने उंच होती. तू सगळ्या पाहुण्यांसमोर पट्टी लावलीस आणि म्हणालास, “दादा, हात चांगला आहे, पण मोजलं नाहीस.” मी हत्यारं उचलून निघून गेलो. मोजलं होतं. चुकलं आहे हे आदल्या दिवशीच कळलं होतं. बोललो नाही, कुणाच्या लक्षात येणार नाही म्हटलं. हे तुला सांगायला मला अकरा वर्षं आणि एक बस लागली.

सोमवारी मी आधी बाईंकडे जाणार आहे, मग कचेरीत. लिहिलं की जावंच लागेल, म्हणून लिहिलं.

दादा


२४ मार्च, मंगळवार
दुपारी

धाकट्या,

तू वहिनीला फोन केलास. मला बोलवू नको म्हणालास, “वही सांभाळा” एवढं सांगून फोन ठेवलास. ती मला म्हणाली, “तुमच्या घरात दोघा भावांत मिळून एकच जीभ दिलीय का? आणि तीही माझ्याच तोंडात?” वही आता तिच्या कपाटात आहे. किल्ली तिने मला दिलेली नाही. बरं केलं.

सोमवारी, म्हणजे सोळा तारखेला, विमा कचेरीत गेलो. बाईंच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या, टाइप करायला दोनच बोटं मोकळी. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पुट्टी, अंगठा, सभा. संपल्यावर त्यांनी विचारलं, “तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्यापासून.”

“म्हणजे फोटोच्या दिवशीही.”

“हो.”

“हात काढलेत तेव्हा.”

“हो.”

त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. तिकडे बघतच म्हणाल्या, “जाताना दार लावून घ्या.” मी लावून घेतलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला जिना धड उतरता आला असता. तीन मजले उतरायला मला पंधरा मिनिटं लागली.

तिथून मेट्रोच्या कचेरीत, प्रकल्पाच्या साहेबांकडे. त्यांनी पान एकशे सात पाहिलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. “मिस्त्री, टेबलावरच्या पुट्टीसाठी मी तीन वर्षांचं काम थांबवू?”

“टेबलावरची नाही साहेब, फुटपाथवरची.”

“हे मोजलं कुणी?”

“मी.”

“तुमची पात्रता काय?”

धाकट्या, हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आणि दर वेळी मी एखादी वस्तू समोर ठेवून उत्तर दिलं. या वेळी समोर ठेवायला माझीच चूक होती. साहेब माणूस वाईट नाही. शेवटी म्हणाले, “सव्वीस तारखेला, गुरुवारी सकाळी दहाला बैठक आहे. त्याआधी एखाद्या इंजिनियरने यंत्र लावून उंची घेतली आणि सही करून कागद दिला, तर पोस्टासमोरची जागा पुन्हा चर्चेला घेईन. नाहीतर तीसला खोदाई.”

इथले तिघे इंजिनियर माझ्या ओळखीचे. एकाला ताप आला, एक गावाला गेला, तिसऱ्याने खरं सांगितलं की मनोऱ्याच्या मालकांचं काम त्याच्याकडे आहे. आठवडा यात गेला. आता तू उरलास. हे तुला शेवटी विचारतोय याचा राग मानू नकोस. खरं म्हणजे मला पहिल्या पत्रापासून हेच विचारायचं होतं.

हे पत्र टपालात न टाकता आजच्याच गाडीने माणसाहाती पाठवतोय. उद्या, बुधवारी ये. सकाळची गाडी दुपारी एकला पोचते. तुझं यंत्र आणि तिपाई आण. माझा आकडा झाकून ठेव, तुझा तू मोज. दीड सेंटिमीटर इकडेतिकडे निघाला तर तसं लिही, मी हत्यारं उचलून जाणार नाही. विमा कचेरीतल्या बाईंनी निरोप पाठवलाय की गुरुवारी त्या बैठकीला येतील. माझ्याशी बोलायला नव्हे, कागद बघायला.

गाडी चुकवू नकोस म्हणून एक गोष्ट सांगतो. ती कुणालाच सांगायची नव्हती.

काल मनोऱ्याच्या मालकांचा माणूस कारखान्यात आला. मॉडेल हल्ली इथेच आहे, मेट्रोच्या कचेरीने ते सभेपुरतं भाड्याने घेतलं होतं. पांढरा शर्ट, अदबशीर. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. टेबलाभोवती तीन वेळा फिरला, वाकून एकेक माणूस पाहिलं आणि म्हणाला, “यातल्या प्रत्येकाची मान वेगळी आहे!” अठ्ठावीस वर्षं मी कुणीतरी हे न सांगता ओळखावं म्हणून थांबलो होतो. ओळखलं ते त्याने.

त्यांना मॉडेल विकत हवं आहे. मनोऱ्याच्या तळमजल्यावर काचेच्या पेटीत ठेवणार, आतून दिवे, पितळी पाटीवर माझं पूर्ण नाव. फक्त दोन गोष्टी. मॉडेलला यापुढे कुणी हात लावायचा नाही. आणि मोजमापाच्या वह्या सोबत द्यायच्या, “संग्रहासाठी.” त्याने आकडा कागदावर लिहून माझ्याकडे सरकवला. नुसता नाही, खाली सही करून.

तू मला ओळखतोस, म्हणून विचारशील, मी लगेच उठून दार दाखवलं का? नाही. मी चहा मागवला. पेटीची काच किती जाडीची, असं विचारलं. पाटीवर अक्षरं कोरीव की उठावाची, असंही विचारलं. चहा संपेपर्यंत मी त्या पेटीत होतो, धाकट्या. वही कपाटात आहे आणि किल्ली माझ्याकडे नाही, हे आठवलं तेव्हा मला वाईट वाटलं. वाईट वाटलं, हे नीट वाच. मग सोललेले तळवे आठवले, आणि मी कप उचलून बाजूला ठेवले.

त्या माणसाची मला भीती नाही. तो कागद इथेच टेबलावर ठेवून गेला आहे आणि म्हणाला आहे, “गुरुवारी सकाळी दहापर्यंत विचार बदलता येईल.” भीती आहे ती दहा वाजेपर्यंत माझी मलाच. म्हणून आकडा तुला लिहून कळवतो, म्हणजे तुला माहीत आहे हे मला माहीत राहील. काल संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी, एका मॉडेलचे आणि एका वहीचे अकरा लाख चाळीस हजार मिळत असताना, नको म्हणालेला,

तुझा दादा